तुमच्या राउटरचा १९२.१६८ वाला पत्ता कुणाच्या वहीतून आला? गोष्ट जॉन पोस्टेलची

सध्या एक नवं खूळ आलंय. घरात सर्व्हर लावायचा.

क्लाउडचं स्टोरेज भरलं आणि दर महिन्याला पैशाचा तगादा सुरू झाला, की लोक कपाटातला जुना लॅपटॉप बाहेर काढतात. त्यावर लिनक्स टाकतात. मग फोटोंसाठी इमिच, सिनेमांसाठी जेलीफिन, फायलींसाठी नेक्स्टक्लाउड असं एकेक चढवत बसतात. मीही त्यातलीच. बिजागरी तुटलेला एक लॅपटॉप आमच्या टीव्हीमागं चोवीस तास चालू असतो. आईनं धूळ पुसताना दोनदा त्याची वायर काढली, तेव्हा सर्व्हर डाऊन जाणं म्हणजे काय असतं ते घरात सगळ्यांना कळलं.

तर हे सगळं करताना काही आकडे सारखे समोर येतात. लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८ नं सुरू होतो. लांबून लॉगिन करायचं तर पोर्ट २२. वेबसाइट दाखवायची तर पोर्ट ८०. जाहिराती अडवणारं पाय-होल लावलं तर पोर्ट ५३. यूट्यूबवरचा प्रत्येक गडी हेच आकडे सांगतो. पण हेच आकडे का, हे कुणी सांगत नाही.

हे आकडे ठरवायचं आणि सांभाळायचं काम बरीच वर्षं एका माणसाकडं होतं. लांब दाढी, पायात सँडल, आणि ऑफिसात कागदांचे ढीग. नाव जॉन पोस्टेल.

पोस्टेलचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, कॅलिफोर्नियातल्या अल्टाडीनाचा. शाळा व्हॅन नाइज हायस्कूल. याच शाळेत व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हे दोघं जिगरी दोस्त शिकत होते. पुढं हे तिघंही लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, म्हणजे यूसीएलएमध्ये एकाच प्रयोगशाळेत येऊन पडले. इंटरनेटच्या पायाभरणीतली तीन मोठी नावं एकाच हायस्कूलची निघावीत, हा योगायोग फिल्मी वाटतो, पण खरा आहे.

पोस्टेलनं १९६६ मध्ये इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि १९६८ मध्ये पुढची. तेव्हा यूसीएलएमध्ये लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या हाताखाली एक विचित्र प्रकल्प सुरू होता. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून वेगवेगळ्या विद्यापीठांतले कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे होते. नाव अर्पानेट. २९ ऑक्टोबर १९६९ ला यूसीएलएतून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेला लॉगिन हा शब्द पाठवायचं ठरलं, पहिली दोन अक्षरं गेली आणि पलीकडचा कॉम्प्युटर बसला. आज ज्याला आपण इंटरनेट म्हणतो त्याची सुरुवात ही अशी क्रॅशनं झाली. पोस्टेल याच टोळीत होता.

ही सगळी विद्यार्थी मंडळी. वय वीस ते तीसमधलं. नेटवर्कवर कॉम्प्युटरनं एकमेकांशी बोलायचं कसं, याचे नियम कुणी लिहून दिले नव्हते. मोठी प्राध्यापक मंडळी येतील आणि सांगतील, असं त्यांना वाटत होतं. कुणी आलं नाही. मग एप्रिल १९६९ मध्ये क्रॉकरनं आपल्या नोंदी लिहायला सुरुवात केली आणि त्यांना मुद्दाम नम्र नाव दिलं, रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स. थोडक्यात, हे आमचं मत आहे, तुमचं काय ते सांगा. यांनाच आज आरएफसी म्हणतात आणि इंटरनेटचे बहुतेक नियम यातच आहेत.

या नोंदी गोळा करणं, तपासणं, क्रमांक देणं, चुका काढणं हे कंटाळवाणं काम पोस्टेलनं अंगावर घेतलं. तो आरएफसीचा संपादक झाला आणि मरेपर्यंत राहिला. दोन हजारांहून जास्त दस्तऐवज त्याच्या नजरेखालून गेले. मराठी माणसाला सांगायचं तर एखाद्या अंकाचा संपादक तीस वर्षं तोच राहावा आणि वर्गणीदार सगळं जग असावं, तसं काहीसं. भाषेबद्दल तो काटेकोर होता, पण रुक्ष नव्हता. १९९० च्या एक एप्रिलला कबुतरांच्या पायाला कागद बांधून डेटा कसा पाठवावा, याचा पूर्ण तांत्रिक नियम त्याच्या मालिकेत छापून आला. तो आजही अधिकृत यादीत आहे.

आता मुद्द्याच्या गोष्टीकडं येऊ. आकड्यांकडं.

एका कॉम्प्युटरवर एकाच वेळी अनेक कामं चालतात. मेल येतो, फायली जातात, कुणी लॉगिन करतं. बाहेरून आलेली माहिती कोणत्या कामासाठी आहे, हे कळायला दारांना नंबर लागतात. एका इमारतीत शेकडो फ्लॅट असले तर नुसता इमारतीचा पत्ता चालत नाही ना, तसंच. पण अडचण अशी की हे नंबर सगळ्या जगात सारखे पाहिजेत. माझ्याकडं मेलचं दार २५ नंबरचं आणि तुमच्याकडं ४० नंबरचं, असं झालं तर टपाल पोचणार कसं?

मे १९७२ मध्ये पोस्टेलनं एक छोटीशी नोंद लिहिली. हे नंबर वाटायला कुणीतरी एक माणूस असावा, असं त्यात होतं आणि तो माणूस बहुधा मीच, असंही अर्धवट गमतीत सुचवलेलं होतं. कुणी हरकत घेतली नाही. निवडणूक झाली नाही, नेमणुकीचं पत्र निघालं नाही. ज्यानं काम हातात घेतलं त्याचं ते झालं. सुरुवातीला ही यादी म्हणजे वहीतल्या नोंदी होत्या, असं सांगतात. नंबर हवा असेल तर पोस्टेलला विचारायचं. तो वही बघणार, मोकळा नंबर देणार आणि नोंद करणार.

१९७४ मध्ये त्यानं पीएचडी केली आणि काही नोकऱ्या फिरून १९७७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये आला. मरीना डेल रे इथं, समुद्राच्या काठावर. पुढची सगळी कारकीर्द इथंच गेली. १९८३ पासून जॉइस रेनॉल्ड्स त्याच्या जोडीला आली. पुढं या दोघांच्या कामाला भारदस्त नाव पडलं, इंटरनेट असाइन्ड नंबर्स अथॉरिटी, म्हणजे आयाना. नाव ऐकून काचेची इमारत डोळ्यांसमोर येते. खरं तर ती मोजकी दोन-चार माणसं होती.

याचा एक किस्सा घरी सर्व्हर चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवा. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात टाटू इलोनेन नावाचा संशोधक होता. त्याच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरीला गेले, म्हणून त्यानं लांबच्या कॉम्प्युटरवर सुरक्षित लॉगिन करायचा प्रोग्राम लिहिला. त्याचं नाव एसएसएच. जुनी असुरक्षित पद्धत टेलनेट, तिचा पोर्ट २३. फायली पाठवायचा पोर्ट २१. मधला २२ रिकामा होता. इलोनेननं जुलैमध्ये आयानाला मेल टाकला की हा नंबर मिळेल का. दुसऱ्या दिवशी जॉइस रेनॉल्ड्सचं उत्तर आलं, नंबर तुमचा. ना फॉर्म, ना फी, ना कमिटी. आज जगातले असंख्य सर्व्हर याच दारातून चालवले जातात, माझा टीव्हीमागचा लॅपटॉपसुद्धा.

पण पोस्टेल फक्त नंबर वाटणारा कारकून होता, असं समजू नका. ऑगस्ट १९७७ मध्ये त्यानं एक टिपण लिहिलं. तेव्हा टीसीपी नावाचा एकच मोठा नियम होता, त्यात पत्ता शोधणं आणि माहिती नीट पोचली का ते बघणं ही दोन्ही कामं एकत्र होती. पोस्टेलनं सांगितलं की आपण घोळ घालतोय, ही दोन कामं वेगळी करा. वर्षभरात ती वेगळी झाली आणि टीसीपी व आयपी असे दोन भाग पडले. यामुळंच पुढं यूडीपी हा हलका प्रकार शक्य झाला. व्हिडिओ कॉल आणि ऑनलाइन गेम त्यावरच चालतात. यूडीपीचा नियम ऑगस्ट १९८० मध्ये पोस्टेलनं लिहिला. तो जेमतेम तीन पानांचा आहे. सप्टेंबर १९८१ मधले आयपी आणि टीसीपीचे नियमही त्याच्याच संपादनाखाली आले. मेल पाठवायचा एसएमटीपी हा नियम ऑगस्ट १९८२ चा, तोही त्याचाच. १ जानेवारी १९८३ ला सगळं अर्पानेट जुनी पद्धत सोडून यावर आलं, त्या बदलाचा आराखडाही त्यानंच आखलेला.

या नियमांत त्यानं एक तत्त्व घातलं. आपण पाठवताना नियम कडक पाळावेत आणि दुसऱ्याकडून आलेलं थोडं वाकडंतिकडं असलं तरी समजून घ्यावं. इंटरनेट इतकं वेगवेगळ्या यंत्रांवर चाललं ते यामुळं. अर्थात सगळ्यांना हे पटत नाही. समोरच्याच्या चुका खपवून घेतल्या की त्या कायमच्या मुरतात आणि हल्लेखोरांना फट मिळते, अशी टीका होते आणि ती चुकीची नाही. पण १९८० च्या सुमारास नेटवर्कवरची माणसं मोजकी आणि एकमेकांना ओळखणारी होती, हेही ध्यानात घ्यावं लागतं.

बरं, माणसं चांगलीच असतील असं पोस्टेल धरून चालत होता, असंही नाही. नोव्हेंबर १९७५ मध्ये त्यानं नको असलेल्या मेलच्या प्रश्नावर एक टिपण लिहिलं होतं. आलेला मेल नाकारायची सोयच आपल्याकडं नाही, कुणी मुद्दाम किंवा यंत्र बिघडून मेलचा मारा केला तर काय, असा त्याचा प्रश्न. पहिला जाहिराती मेल आला १९७८ मध्ये, म्हणजे त्यानंतर तीन वर्षांनी. घरी सर्व्हर लावणारे अनुभवी लोक नवख्यांना एकच सल्ला देतात, सगळं घरी चालव पण मेल सर्व्हरच्या नादाला लागू नको. कारण स्पॅमच्या भीतीनं मोठ्या मेल कंपन्या घरगुती पत्त्यावरून आलेला मेल बऱ्याचदा दारातूनच परत पाठवतात, आणि अनेक इंटरनेट कंपन्या पोर्ट २५ आधीच बंद करून ठेवतात. त्या दुखण्याचं निदान १९७५ मध्येच झालं होतं.

नंबर यंत्रांना चालतात, माणसांना नावं लागतात. सुरुवातीला सगळ्या कॉम्प्युटरांच्या नावांची एकच फाइल होती आणि ती स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांची टीम सांभाळायची. यंत्रं वाढली तशी ही पद्धत पुरेना. पोस्टेलनं हा प्रश्न सहकारी पॉल मोकापेट्रिसकडं दिला आणि त्यानं १९८३ मध्ये डीएनएस तयार केलं. लगेच पुढच्या वर्षी पोस्टेल आणि रेनॉल्ड्सनं डॉट कॉम, डॉट एज्यु, डॉट ऑर्ग ही वरची नावं ठरवणारा दस्तऐवज लिहिला.

देशांच्या नावांचा पेच मोठा होता. कुणाला देश मानायचं, हे कॅलिफोर्नियातल्या एका संशोधकानं कसं ठरवावं? पोस्टेलनं आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची देशांची दोन अक्षरी यादी तयार होती तीच उचलली. देश कोण आणि कोण नाही हे ठरवणं आमचा धंदा नाही, असं त्यानं पुढं १९९४ मध्ये लिहूनही टाकलं. वाद सुरू व्हायच्या आतच त्यानं तो दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवला. आपलं डॉट इन याच यादीतून १९८९ मध्ये आलं. त्याचा कारभार बरीच वर्षं मुंबईत जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडं होता.

आणि ते १९२.१६८? इंटरनेटच्या पत्त्याला ३२ बिट्स ठरले होते, म्हणजे सुमारे ४२९ कोटी पत्ते. तेव्हा हे खूप वाटलं होतं. नव्वदीत कळलं की पुरणार नाहीत. मग घरात आणि ऑफिसात कुणीही फुकट वापरावेत, बाहेर मात्र दिसू नयेत, असे पत्त्यांचे तीन गठ्ठे आयानानं राखून ठेवले. १९९६ च्या दस्तऐवजात ते पक्के झाले. त्यातला १० नं सुरू होणारा गठ्ठा म्हणजे कधीकाळी खुद्द अर्पानेटचा पत्ता. अर्पानेट १९९० मध्ये बंद झालं आणि तो नंबर मोकळा झाला होता. या सोयीचा तोटाही आपणच भोगतोय. पत्ते वाचवायला अनेक इंटरनेट कंपन्या आता शेकडो घरांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागं बसवतात. त्यामुळं बाहेरून घरच्या सर्व्हरवर थेट यायचा रस्ताच राहत नाही, मग नवा आयपीव्ही ६ पत्ता तरी शोधा, नाही तर बोगदे खणत बसा. मी दोन रविवार खणलेत.

इथवर सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. मग आला पैसा.

१९९३ पासून डॉट कॉमसारखी नावं नोंदवायचं कंत्राट नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीकडं होतं. १९९५ मध्ये तिला नावामागं दोन वर्षांचे १०० डॉलर घ्यायची परवानगी मिळाली. आधी हे फुकट होतं. वेबची लाट आलेली, प्रत्येकाला डॉट कॉम हवं, आणि विकणारा एकच. पोस्टेलला ही मक्तेदारी खुपत होती. त्यानं १९९६ मध्ये शंभरावर नवी वरची नावं आणायचा प्रस्ताव मांडला. पण वॉशिंग्टनला आता जाग आली होती. इतकी वर्षं कुणाचं लक्ष नसलेल्या या वहीचा मालक कोण, हा प्रश्न पहिल्यांदाच गंभीरपणे विचारला जात होता. १९९७ मध्ये द इकॉनॉमिस्टनं इंटरनेटला देव असलाच तर तो बहुधा हाच, अशा अर्थाचं लिहिलं.

आणि मग २८ जानेवारी १९९८ उजाडला.

जगातल्या सगळ्या नावांची मूळ यादी १३ रूट सर्व्हरवर असते. त्यातला पहिला नेटवर्क सोल्युशन्सकडं, बाकीचे बारा त्याच्याकडून यादी उतरवून घेत. त्या दिवशी पोस्टेलनं या बारांपैकी आठ सर्व्हरच्या चालकांना मेल पाठवला की यापुढं यादी तिकडून नको, आयानाच्या सर्व्हरवरून घ्या. आठही जणांनी ऐकलं. उरलेले सरकारी संस्थांकडचे आणि खुद्द नेटवर्क सोल्युशन्सकडचे, ते जागेवर राहिले.

वापरणाऱ्या कुणालाच काही कळलं नाही, कारण दोन्हीकडची यादी सारखीच होती. पण एका मेलवर इंटरनेटच्या मुळाचा मोठा भाग एका माणसाच्या मागं गेला होता. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांच्यापर्यंत बातमी गेली. पोस्टेलवर आणि विद्यापीठावर दबाव आला. साधारण आठवड्याभरात त्यानं सगळं पूर्ववत करायला सांगितलं आणि ही फक्त चाचणी होती, असं स्पष्टीकरण दिलं. दरम्यान ३० जानेवारीला अमेरिकी सरकारनं नावं आणि नंबरांचा कारभार कसा चालेल याचा आपला मसुदा जाहीर करून टाकला होता.

चाचणी की बंड, यावर आजही दोन तट आहेत. मला विचाराल तर सत्ता बदलण्याआधी आपल्याला ती खरंच हलवता येते का, हे त्यानं करून बघितलं. आठ चालकांनी ऐकलं ते कायद्याच्या धाकानं नाही, त्याच्याकडं तसा अधिकार कुठल्या कागदावर नव्हताच. पंचवीस वर्षं ज्याच्याकडून नंबर नीट मिळाले त्याच्यावरच्या भरवशावर ऐकलं. पण अशी व्यवस्था एका माणसाच्या तब्येतीवर टांगलेली असते, हेही त्या आठवड्यात सगळ्यांना दिसलं.

आणि तब्येत ठीक नव्हती. १९९१ मध्ये त्याच्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया झाली होती. तरी तो सिएरा नेवाडाच्या डोंगरात पाठीवर पिशवी टाकून भटकायला जायचा. १९९८ चं उरलेलं वर्ष आपलं काम एका नव्या ना-नफा संस्थेकडं सोपवायच्या खटपटीत गेलं. सरकारी चर्चा, मसुद्यावर मसुदे, सगळ्या बाजूंकडून आरोप. सप्टेंबर १९९८ च्या शेवटी कॅलिफोर्नियात त्या संस्थेची नोंदणी झाली. तीच आयकॅन.

दोनेक आठवड्यांनी, १६ ऑक्टोबर १९९८ ला, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीत लॉस एंजेलिसमध्ये जॉन पोस्टेल गेला. वय ५५. शाळेतल्या व्हिंट सर्फनं त्याच्यासाठी मृत्युलेख लिहिला आणि तो पोस्टेल आयुष्यभर सांभाळत आला त्याच आरएफसी मालिकेत छापला गेला, क्रमांक २४६८.

दीड वर्षानं, मार्च २००० मध्ये, नेटवर्क सोल्युशन्स ही कंपनी २१ अब्ज डॉलरला विकायचा करार झाला. पोस्टेल शेवटपर्यंत विद्यापीठाच्या पगारावर होता.

त्याची वही आता आयानाच्या वेबसाइटवर आहे, कुणालाही उघडून बघता येते. हजारो पोर्टची यादी, ओळीओळीत नंबर आणि काम, बऱ्याच ओळींत संपर्काचा माणूसही. पोर्ट २२ समोर एसएसएच सापडतं. तिथून एक ओळ खाली या. पोर्ट २३, टेलनेट. आता कुणी वापरू नये असं सगळे सांगतात, पण ओळ शिल्लक आहे आणि संपर्काच्या रकान्यात अजूनही जॉन पोस्टेल लिहिलेलं आहे.